वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

प्रति,
शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व पालक सदस्य,
आमची पालिकेची शाळा, भांडुप (पश्चिम), मुंबई.

विषय : तुमची दोन वर्षं संपताना.

नमस्कार ताई, मावशी, दादा, आजोबा आणि समितीतले बाकी सगळे,

गेल्या आठवड्यात लेकीचा दाखला आणायला शाळेत आले होते. तिची आठवी झाली, नववीला आता दुसरी शाळा. मुख्याध्यापक मॅडम कुणाशी तरी बोलत होत्या म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. समोर शिपाईमामा कपाट आवरत होते. त्यांनी एक जाड वही काढली, फडक्याने पुसली आणि माळ्यावर टाकायच्या गठ्ठ्यावर ठेवली. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. ही कसली वही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "समितीची. मुदत संपली ना, आता नवीन समिती, नवीन वही."

बघू का म्हटलं. मॅडमनी आतूनच मान हलवली. अर्धा तास ती वही वाचत बसले आणि दाखला घ्यायचा राहिला. शेवटी मामांनीच आठवण केली.

हे पत्र मी तुमच्या हातात पाकिटातून दिलं असतं तरी चाललं असतं. पण मग ते तुमच्यातच राहिलं असतं. टेंभीपाड्यापासून मंगतराम पंपापर्यंत आपल्या भागातल्या किती घरांतली पोरं पालिकेच्या शाळेत जातात, आणि त्यांच्या आईबापांना शाळेला अशी एक समिती असते हेच ठाऊक नाही. लेक चौथीत जाईपर्यंत मलाही नव्हतं. म्हणून उघड्यावर लिहितेय.

त्या वहीच्या सुरुवातीची पानं आधीच्या समितीची. महिन्याला एक पान, पानावर तीन ओळी. "सर्व विषयांवर सविस्तर चर्चा झाली. सर्व ठराव एकमताने मंजूर. आभार मानून सभा संपली." खाली सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या. त्या सदस्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यातल्या एक बाई माझ्या शेजारच्या चाळीतल्या. त्यांनी मला सांगितलं होतं की शाळेतून फोन यायचा, "येता-जाता एक सही करून जा." त्या जायच्या, सही करायच्या, निघायच्या. आपण समितीत आहोत म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुमचं पहिलं पान येतं आणि ओळी वाढायला लागतात. दुसऱ्या सभेचं पान भरून मागच्या पानावर गेलंय. हे कसं झालं ते मला नंतर ताईंकडून कळलं. पहिल्या सभेत वही फिरत फिरत मावशींकडे आली. मावशी भाजीचा धंदा करतात, पहाटे चारच्या सुमारास दादरला माल आणायला जातात. सही येते, पण जोडाक्षरं आली की वाचताना अडतात. त्यांनी वही समोर ठेवली आणि म्हणाल्या, "यात काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा. वाचून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही." कुणीतरी म्हणालं, मावशी, नेहमीचंच आहे. मावशी म्हणाल्या, नेहमीचं असेल तर वाचायला किती वेळ लागणार?

मावशी, त्या एका वाक्यासाठी मला तुमचे पाय धरावेसे वाटतात. मोठ्याने वाचून दाखवायचं म्हटल्यावर लिहिणाराही नीट लिहायला लागतो. "चर्चा झाली" एवढं वाचलं की समोरून प्रश्न येतो, कसली? "दुरुस्ती करण्याचे ठरले" वाचलं की कुणीतरी विचारतं, कोण करणार, कधीपर्यंत? तुमच्या तिसऱ्या सभेपासून प्रत्येक विषयापुढे एक नाव आणि एक तारीख दिसते. पुढच्या सभेत ते नाव घेऊन विचारलेलंही दिसतं. लिहिण्याचं काम मॅडमचं, पण ही शिस्त मावशींनी लावली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातलं २१वं कलम तुमचं. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत अशी समिती असलीच पाहिजे आणि तिच्यात निदान पाऊण हिस्सा पालक असले पाहिजेत. निम्म्या जागा बायकांच्या. वंचित आणि दुर्बल घरांतल्या मुलांचे आईबाप त्यांच्या प्रमाणात हवेत. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतलाच असतो आणि मुख्याध्यापक सचिव. शाळेचं काम कसं चाललंय ते बघणं, आलेला पैसा कुठे गेला ते बघणं, आणि २२व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा तयार करणं, ही समितीची कामं. मानधन शून्य.

मुंबईत शाळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाची गोष्ट तशी जुनी. १८४० साली इथे बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं, त्यावर आपले नाना, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीतून शिकवण्याच्या मताचे, आणि नानांनी त्यांच्यासमोर मातृभाषेतून शिक्षणाची बाजू लावून धरली. पुढे मुलींच्या शाळेला त्यांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. नानांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेव्हा अशा मंडळावर बसायला मोठा शेठ किंवा मोठा साहेब असावं लागे. आज त्याच शहरात भाजीवाली मावशी, ब्लाऊज शिवणाऱ्या ताई, रिक्षावाले दादा आणि निवृत्त वॉचमन आजोबा त्या कामाला बसतात, आणि कायद्याने बसतात. हे मला फार मोठं वाटतं.

आता कडीची गोष्ट. ताई, ही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण तिची सुरुवात माझ्या घरात झाली, म्हणून मीच सांगते.

लेक सातवीत होती. रोज संध्याकाळी डबा धुताना लक्षात यायचं की पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. मी रागवायचे. भर उन्हातून टेकडी चढून येतेस आणि घोटभर पाणी पीत नाहीस? ती काही बोलायची नाही. एक दिवस पोटात दुखतं म्हणून रडायला लागली, लघवीला जळजळ होत होती. मी मुलुंडला औषधाच्या दुकानात कामाला आहे. अशा तक्रारीची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या मुली मी रोज बघते. तरी स्वतःच्या मुलीचं मला कळलं नव्हतं. डॉक्टरांकडून आल्यावर रात्री तिने सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. मैत्रीण आली नसेल त्या दिवशी जायचंच नाही. आणि जायचं नसेल तर पाणी प्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लाऊज टाकायला तुमच्याकडे आले होते. तोंडातून निघून गेलं. तुम्ही मशीन थांबवलंत. सुईतून दोरा काढलात आणि म्हणालात, "दुसऱ्या मजल्यावर? जिन्याच्या डावीकडचं की उजवीकडचं?" मला सांगता येईना. तुम्ही त्याच दुपारी शाळेत जाऊन बघून आलात.

डावीकडचं की उजवीकडचं, हा प्रश्न किती महत्त्वाचा होता ते मला नंतर कळलं. मुंबईत पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड, आणि एका इमारतीत दोन-तीन शाळा सहज नांदतात. आपल्याच इमारतीत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, वरच्या मजल्यावर तिसरी. वर्ग ज्याचे त्याचे, पण जिना, टाकी आणि संडास सगळ्यांचे. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. आमची शाळा म्हणे ती बाजू त्यांच्याकडे, ते म्हणत सकाळच्या वेळेत तुटली, सकाळचे म्हणत आम्ही येतो तेव्हा तुटलेलीच असते. एका कडीला तीन शाळा, आणि दार धरून उभ्या मुली.

तुम्ही पहिल्याच दिवशी तुमच्या कापडाच्या पेटीतून परकराची जाड नाडी काढलीत, दाराच्या मुठीच्या भोकातून ओवलीत आणि आतल्या नळाला गाठ मारता येईल इतकी लांब ठेवलीत. लेकीने घरी येऊन मला करून दाखवलं, नाडी कशी दोनदा गुंडाळायची. तिच्या चेहऱ्यावर किती हायसं वाटलेलं दिसत होतं! मी म्हटलं, ताईंनी कडीच का नाही बसवून टाकली, केवढ्याला येते? तुम्हाला हेच विचारलं तेव्हा तुम्ही दिलेलं उत्तर मी विसरणार नाही. "कडी मी आज आणीन. पण मग वहीत काय लिहिणार? तक्रार नाही म्हणजे तुटलीच नाही. उद्या पुढच्या शाळेतल्या मुलींनी कुणाच्या खिशाकडे बघायचं?"

वहीत ती कडी चार सभांत आहे. मी बोटाने मोजली. पहिल्या सभेत "कडी तुटलेली आहे, अर्ज करणे." दुसऱ्या सभेत "अर्ज केला, पोच मिळाली." तिसऱ्या सभेत "उत्तर नाही." त्याच पानावर खाली एक ओळ, "तिन्ही समित्यांनी मिळून अर्ज करणे." ती ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. उर्दू शाळेच्या समितीतल्या भाभी तुमच्याकडे कपडे शिवायला टाकतात. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलात. त्यांच्या मुलीही पाणी पीत नव्हत्या. हिंदी शाळेच्या अध्यक्षांना दोघी मिळून भेटलात. एकच अर्ज, तीन शिक्के, तिन्ही शाळांतल्या पालकांच्या सह्या. आता ती बाजू कुणाची हा प्रश्नच उरला नाही. चौथ्या सभेत लिहिलंय, "सर्व मजल्यांवरील कड्या बसविल्या. दोन नळ बदलले. सदस्यांनी पाहणी केली." मी आणखी एक गोष्ट सांगते, जी वहीत नाही. लेकीची बाटली रिकामी येऊ लागली.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकांचा कारभार होता. वॉर्डाला नगरसेवक नाही, त्यामुळे समितीतली लोकप्रतिनिधीची खुर्चीही रिकामी. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, तर जायचं कुणाकडे हे लोकांना कळत नव्हतं. त्या दिवसांत आमच्या वतीने पालिकेच्या दारात जायला, आम्हीच हात वर करून निवडलेली माणसं म्हणजे तुम्ही. हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आजोबा, तुमचा चमचा. नातवाचे तुम्हीच पालक, म्हणून तुम्ही समितीत. घरून रुमालात गुंडाळून स्टीलचा चमचा आणायचात आणि खिचडीचे डबे उतरले की वाटण्याआधी पहिला घास तुमचा. चव रजिस्टर आधीही होतं, त्यात रोज "चांगली" लिहिलेलं असायचं. तुमच्या अक्षरातल्या नोंदी मी वाचल्या. "मीठ बेताचे. वाटाणा कच्चा." "आज चांगली, मुलांनी परत मागितली." "तांदूळ बरा, डाळ दिसत नाही." पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, वरच्या वर्गाला ७०० आणि २० ग्रॅम, हे तुम्ही पाठ केलं होतंत. कुणी विचारलं की डाळ नसेल तर १२ ग्रॅम येणार कुठून, असं शांतपणे सांगायचात.

ऑक्टोबरातला तो दिवस मला लेकीने सांगितला. उकाडा भयंकर. तुम्ही झाकण उघडलंत, चमचा आत घातलात आणि तोंडाजवळ नेऊन थांबलात. आंबूस वास. झाकण परत लावलंत आणि डब्यासमोर उभे राहिलात, मुलं ताटल्या घेऊन रांगेत. मॅडमनी लगेच वाटप थांबवलं, शिक्षकांनी केळी मागवली. दुसरा कुणी असता तर आरडाओरडा केला असता, फोटो काढून पाठवले असते. तुम्ही दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याची वाट बघत गेटवर बसलात आणि त्याला विचारलंत, स्वयंपाक किती वाजता उतरतो, डबे कधी भरतात, आमच्याआधी किती शाळा? खिचडी गरम असतानाच झाकणं घट्ट लावायची, मग टेम्पो एलबीएस मार्गावर अडकायचा आणि आमची शाळा सगळ्यांत शेवटची. आतल्या वाफेने अन्न नासणारच. पुढच्या सभेत तुम्ही एवढंच मागितलंत की आमची शाळा फेरीत आधी घ्या आणि झाकण लावण्यापूर्वी थोडी वाफ जाऊ द्या. दोन्ही झालं. रांधणाऱ्या बायांबद्दल एक वाईट शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. "त्याही पहाटे उठतात," एवढंच म्हणालात.

दादा, तुमच्या रिक्षात परमिट आणि पीयूसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात एक झेरॉक्स असते, घड्या पडून पडून फाटायला आलेली. ती काय आहे हे मला नोव्हेंबरात कळलं. नाक्यावर कामाला उभ्या राहणाऱ्या एका कुटुंबातला मुलगा, जालन्याकडून आलेला, शाळेच्या खिडकीशी वडिलांचा हात धरून उभा होता. गावचा दाखला आणा, मग बघू, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. गावी जाऊन यायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं. बाप परत फिरला होता. तुम्ही आपल्या मुलीला सोडायला आला होतात. तुम्ही त्यांना थांबवलंत, पाकिटातून ती झेरॉक्स काढलीत आणि आत जाऊन वाचून दाखवलीत. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. वर्ष सुरू झालं तरी प्रवेश द्यावाच लागतो. मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं शिकवून घ्यायचं. शिक्षण हक्क कायद्याची कलमं ४, ५, १४ आणि १५.

मला सगळ्यात आवडलं ते मॅडमचं उत्तर. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही लेखी घेऊन आलात. वर कुणी विचारलं तर मलाही हे दाखवता येईल." मुलगा त्याच दिवशी पाचवीच्या वर्गात बसला. दाखला जानेवारीत पोस्टाने आला. तोवर तो तीनदा वर्गात मॉनिटर झाला होता.

समिती म्हणजे शाळेच्या विरोधात उभी फळी, असं कित्येकांना वाटतं. शिक्षकांनाही वाटतं. ही दोन वर्षं बघून माझं मत उलट झालं. मुख्याध्यापकाला वरच्या कार्यालयाकडून काही मिळवायचं तर पालकांच्या ठरावाचं बळ लागतं, आणि पालकांना शाळेतून काही मिळवायचं तर आत ऐकणारा माणूस लागतो. आपल्या नशिबाने दोन्ही बाजू होत्या. पण नुसत्या नशिबाने नाही. मे महिन्यात उन्हातान्हात तुम्ही आणि शिक्षक मिळून चाळीचाळींतून पटनोंदणीला फिरलात, मराठी शाळेचा पट घसरू नये म्हणून. एका घरात तुम्हाला पाणीही कुणी विचारलं नाही, दुसऱ्या घरात इंग्रजी शाळेची फी भरल्याची पावती दाखवली. तरी पुढच्या गल्लीत गेलात. एकमेकांबरोबर असं चार दिवस चाललं की माणसं भांडत नाहीत.

शिक्षण विभागातलं कुणी हे वाचत असेल तर माझं एक मागणं आहे. सभा सकाळी अकराला ठेवू नका. अकरा ही मावशींच्या विक्रीची वेळ, दादांच्या भाड्याची वेळ, माझ्यासारखीच्या नोकरीची वेळ. दर महिन्याला एक सभा म्हणजे दोन वर्षांत चोवीस वेळा अर्धा दिवस. मावशींनी चोवीसपैकी बावीस सभांना हजेरी लावली आहे, मी सह्या मोजल्या. अकराच्या सभेला यायचं म्हणून अर्धी टोपली बारा वाजल्यानंतर पडेल भावाने विकायची, असं त्यांचं चाललं होतं. शनिवारी संध्याकाळी सभा ठेवली तर कुणाचं काय बिघडणार आहे? आणि निवडून आल्यावर सदस्यांना एक दिवस नीट बसवून सांगा की तुमचे अधिकार काय, पैसे कुठून येतात, अर्ज कुणाकडे करायचा. दादांनी ती झेरॉक्स कुणाच्या तरी हातापाया पडून मिळवली होती. ती प्रत्येक सदस्याला पहिल्या दिवशी मिळायला हवी.

आता माझं एक राहिलेलं सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पालक सभेत मॅडमनी विचारलं होतं, सातवीच्या पालकांतून कोण उभं राहणार? मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. म्हणालं, त्या शिकलेल्या आहेत, औषधाच्या दुकानात असतात. मी मान खाली घातली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. दुकानातून सुट्टी मिळत नाही, खाडा झाला की पगार कापतात, हे सगळं खरं होतं. पण मावशींचा रोज खाडाच असतो आणि त्यांना पगार देणारं कुणी नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मॅडम पुढच्या रांगेकडे वळल्या आणि मावशींनी हात वर केला. त्यांची नात सातवीत होती आणि सून कामाला.

त्या दिवशी मी हात वर केला असता तर कदाचित वहीतल्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या राहिल्या असत्या. कारण मला वाचता येतं, मी विश्वासाने सही केली असती. म्हणून झालं ते बरंच झालं, असंही कधी वाटतं. तरी ती मान खाली घातलेली माझ्या मनातून जात नाही, आणि मावशी, त्याबद्दल मी तुमची माफी मागते.

ताई, तुमची नाडी अजून तिथेच आहे. कडी बसल्यावरही मुलींनी ती काढली नाही. आता ती खुंटीसारखी वापरतात, दप्तर किंवा ओढणी अडकवायला. लेकीने शाळा सोडायच्या दिवशी मुद्दाम वर जाऊन बघितली.

माझा धाकटा तिसरीत आहे, म्हणजे अजून पाच वर्षं मी या शाळेची पालक. मामांना मी विनंती केली की ही वही माळ्यावर टाकू नका, नवीन वहीखाली ठेवा. शेवटच्या पानावर एक विषय उघडाच आहे. मागच्या जिन्याचा कठडा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये हलतो, अर्जाची पोच फेब्रुवारीची आहे, उत्तर आलेलं नाही. तिसरीची मुलं त्याच जिन्याने उतरतात. शेठना मी सांगून ठेवलंय की शाळा उघडल्यावर पालक सभेच्या दिवशी मी उशिरा येईन, आणि नंतर महिन्यातून एकदा अर्धा दिवस येणार नाही. त्यांनी पगार कापू म्हटलं, मी बरं म्हटलं. निवड झाली तर पहिल्या सभेत कठड्याची ती नोंद मी वाचून दाखवीन. मावशी, तुमची नात आता गेली शाळेतून, तरी त्या दिवशी या. बाहेरच्या बाकावर बसा, पण या.

तुमची,
एक पालक, इयत्ता तिसरी
भांडुप (पश्चिम)